बशीतला ओरखडा

बाहेर सेहेचाळीस. मेडिकल चौकातलं डांबर
चपलेला धरून ठेवतं.
आत, या कपाटात, सदतीस. वर नाही, खाली नाही.
नागपूरच्या मे महिन्यात एवढं नेमस्त हवामान
फक्त पेशींच्या नशिबी.

त्या आल्या पाचपावलीहून,
म्हणजे कौसल्याबाई हेडाऊंच्या पोटावरून,
दोन चमचे पिवळी चरबी, बर्फाच्या डब्यात.
संमतीच्या कागदावर सही करताना बाई म्हणाल्या,
‘घ्या न बाप्पा, लय हाय.
आजवर कोनं मांगतलीच नाही.’

चरबी म्हणजे साठवण, एवढंच मला शाळेत शिकवलेलं.
पण ती विरघळवली, गाळली, गरगर फिरवली
की तळाशी एक ठिपका बसतो, तांदळाच्या कणीएवढा.
त्यातल्या काहींनी अजून काहीच व्हायचं ठरवलेलं नसतं.
हाड होतील, कूर्चा होतील,
नाहीतर जिथे फाटलं असेल तिथे धावत जातील
आणि शेजारच्यांना हाका मारतील,
लग्नघरातल्या त्या एका आत्यासारख्या,
जिला काम सांगावं लागत नाही.

मी त्यांच्या वाटण्या केल्या.
पहिल्या बशीत साखर शंभर.
दुसरीत साडेचारशे,
जानेवारीत बाईंच्या रिपोर्टात होती तेवढी.
पाणी दोन्हींचं गुलाबी, सारखंच.
चव घ्यायची नसते.

आठव्या दिवशी पहिलीतल्या
फुटाळ्यातल्या मासोळ्यांसारख्या,
निमुळत्या, एका दिशेनं निघालेल्या.
दुसरीतल्या पसरलेल्या, रुंद, सुस्त,
उलट्या मडक्यावर टाकलेली लांब रोटीच जणू.
रंग घातला तर मोरचुदासारख्या निळ्या.
म्हणजे म्हाताऱ्या. आठ दिवसांत.
मेल्या नाहीत, हे लक्षात घ्या.
जागा अडवून बसल्यात
आणि शेजारणींनाही बसा म्हणतायत.

मग नळीच्या टोकानं मी दोन्ही बश्यांत
एकेक ओरखडा ओढला.
याला आम्ही जखम म्हणतो.
पहिलीतली दुसऱ्या दिवशी शोधावी लागली.
दुसरीतली तशीच,
दुपारी दोनची इतवारीची गल्ली:
दोन्ही काठांवर माणसं, मध्ये कोणी उतरत नाही.

कौसल्याबाई मंगळवारी ड्रेसिंगला येतात.
डाव्या अंगठ्याखाली आठाण्याएवढी जखम, पाच महिन्यांची.
तीस वर्षं मागाच्या पावड्या दाबल्या या पायानं,
तेव्हा कधी साधं खरचटलंही नाही, म्हणतात.
‘चहातली साखर बंद केली.
संत्रा बर्फीचा डबा सुनेच्या माहेरी धाडला.
आता शंभरावर आली न बाई. आता त भरन?’

मी काय सांगू.
की तिसरीही एक बशी आहे.
साडेचारशेतून उचलून शंभरात ठेवलेल्या,
दोन आठवडे झाले,
दर दुसऱ्या दिवशी पाणी बदलते मी, रविवारीसुद्धा.
साखर उतरली.
त्यांना कोणी कळवलंच नाही जणू.
त्या अजून जानेवारीतच बसल्यात.

‘भरेल,’ मी म्हणते, ‘पाय उंचावर ठेवत जा.’
यातलं काहीच निष्कर्षात लिहिता येत नाही.

रात्री वीज गेली. जनरेटर धरेपर्यंत
मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी,
जसं काही ऊन आत शिरणार होतं.
मग तिसरी बशी भिंगाखाली घेतली. बहात्तर तास.
ओरखड्याच्या काठावरून एकीनं
पाऊल पुढे टाकलंय.
पाऊल म्हणायचं नसतं, त्याला वेगळा शब्द आहे.
मी वहीत लिहिलं: एक.
खोडलं. पुन्हा मोजलं.
एक.